सपाट गावातला हँडब्रेक

"मॅडम, हे काढूनच टाकतो. आपल्या सोलापुरात हँडब्रेक लागतोय कशाला? गिअरमध्ये टाकायची गाडी आन् जायचं निवांत." होटगी रोडवरच्या गॅरेजमध्ये मागचं उजवं चाक उतरवून भिंतीला टेकवलेलं, डिस्क खाली पोत्यावर, आणि मेकॅनिकच्या तळहातावर एक काळा, वाकडा, जेमतेम बोटभर रुंदीचा तुकडा. कडक भाकरीचा मोडलेला काठ असतो ना, अगदी तसा. तो हँडब्रेकचा लायनर, म्हणजे चाकाला आतून घासून धरणारी पट्टी. ज्या कमानीसारख्या लोखंडी तुकड्याला, म्हणजे शूला, तो चिकटून असायला हवा, तो शू आत आपल्या जागी होता. लायनर मात्र सुटून डिस्कच्या पोटात खुशाल गरगरत होता. कितीतरी दिवस वळणावर जो खर्र-खळ्ळ आवाज यायचा, तो याचाच. माणूस फसवत नव्हता, उलट माझे पैसे वाचवत होता. मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं उरलेले तुकडे काढले, कॉम्प्रेसरनं हवा मारली, काळी धूळ उडाली, डिस्क परत चढली. आवाज बंद, बिल किरकोळ. गाडीत बसून मी सवयीनं हँडब्रेक ओढून पाहिला, तर तो कर्र कर्र करत पार वर आला आणि वरच राहिला. गाडीला त्याचं काही देणंघेणंच नव्हतं.

घरी येईपर्यंत त्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. राग यायला हवा होता, तो येत नव्हता, कारण वाक्य खरं होतं.

सोलापूरला चढ नाही. समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवरचं हे पठार, आणि त्यावर पसरलेलं गाव. सिद्धेश्वर तळ्यापासून निघा, सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागा, नाहीतर उलट्या अंगानं पूर्व भागात शिरा. रस्ता खाली-वर होतो तो खड्ड्यांमुळं. मी गाडी शिकले ती होम मैदानाच्या कडेनं फेऱ्या मारत. शिकवणारे सर तसे कडक, पण चढावर थांबलेली गाडी हँडब्रेकवर कशी उचलायची, एवढा एकच धडा त्यांनी तोंडी घेतला. दाखवायला चढ आणणार कुठून? "क्लच थोडा सोडायचा, गाडी नाक वर करती, मग हँडब्रेक सोडायचा," एवढं त्यांनी सांगितलं आणि मी मान डोलावली. पोहायला पुस्तकातून शिकल्यावर जेवढं येतं तेवढं मला ते येत होतं. परीक्षेलाही कुणी विचारलं नाही.

बाकी गाव दगडावर विश्वासून असतं. हैदराबाद रोडला ढाब्यासमोर ट्रक लागला की क्लीनर आधी उडी मारतो, चाकाखाली लाकडाचा ओंडका सारतो, मग ड्रायव्हर खाली उतरतो. पूर्व भागातल्या बोळांत टॉवेलचे गठ्ठे भरणाऱ्या टेम्पोच्या चाकामागं अर्धी वीट ठरलेली. भाजीच्या हातगाड्यांना तर दुसरा ब्रेकच नसतो. त्या दगडांना जागाही नेमून दिलेल्या असतात. टेम्पो गेला तरी वीट तिथंच राहते, दुसऱ्या दिवशीच्या टेम्पोसाठी. मलाही कुणी तेच सुचवलं असतं तर मी हसून मान्य केलं असतं. पण गाडी माझ्याकडं आली होती रत्नागिरीहून, आणि तिथं गोष्ट वेगळी होती.

गाडी दाजींची. त्यांचं घर रस्त्यापासून वर, आणि दारात गाडी लावायची म्हणजे तिचं तोंड आकाशाकडं. ताईच्या घरी पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा पहाटे ऐकलेला आवाज अजून कानात आहे. दाजी निघायच्या आधी हँडब्रेक सोडायचे, त्याचा खट्ट, मग चाकांखालच्या जांभ्याच्या खडीची कुरकुर. परत आले की त्याच क्रमानं उलटं. पाय ब्रेकवर, हँडब्रेक कर्र, मग ब्रेकवरचा पाय सावकाश उचलायचा आणि गाडी किंचित मागं येऊन बसली की इंजिन बंद. ती किंचित हालचाल ते दरवेळी लक्ष देऊन अनुभवायचे. पावसाळ्यात मात्र उलटा नियम. आठ-पंधरा दिवस गाडी हलणार नसेल तर ती खालच्या सपाट जागेत लावायची आणि हँडब्रेक ओढायचाच नाही, कारण ओल्या हवेत शू आतल्या आत ड्रमला गंजून धरतात. मग सोडला तरी चाक सुटत नाही. "ब्रेकला पण मोकळं ठेवावं लागतं गं," म्हणायचे. कोकणात गाडी सांभाळणं म्हणजे निम्मी समुद्राच्या हवेशी झटापट.

चार चाकांना डिस्क असलेल्या या गाडीत हँडब्रेकची तऱ्हा जरा आडवळणाची आहे. पायानं ब्रेक दाबला की डिस्कला बाहेरून पॅड चिमटतात. त्याचा हँडब्रेकशी संबंध नाही. मागच्या डिस्कचा मधला फुगीर भाग आतून पोकळ असतो, ती पोकळी म्हणजेच एक छोटा ड्रम, आणि त्यात दोन छोटे शू. हँडब्रेक ओढला की केबल ताणली जाते, शू बाहेर फाकतात आणि आतून ड्रमला धरतात. पायाच्या ब्रेकचं ऑइल सगळं गळून गेलं तरी ही केबल आपलं काम करते, ती याचमुळं. आता गंमत अशी की हे शू जवळपास झिजतच नाहीत. गाडी थांबल्यावरच ते टेकतात, त्यामुळं घासण्याचा प्रश्न येत नाही. माझ्या हातात आलेला लायनर जाडीला जवळपास नव्याइतकाच होता. तो गेला तो चिकटवलेल्या बाजूनं. शूच्या लोखंडाला कडेनं खारी हवा लागली, गंज धरला, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो. तो लायनरखाली सरकत गेला, फुगला आणि लायनर उचलला गेला. सोलापूरच्या ४३ अंशांच्या कोरड्या उन्हानं पुढचं काम केलं असेल. शिवाय इथं आल्यापासून मी त्याला कधी मनापासून ओढलंच नव्हतं.

कायदाही पाहिला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६. चालक जागेवर नसताना सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवायची तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी काही तजवीज हवी. 'दुसरी तजवीज' म्हणजे आमचा दगडच की! १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९६वा नियम मात्र सूट देत नाही. गाडीला पायाचा ब्रेक आणि पार्किंग ब्रेक अशा एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन यंत्रणा असायलाच हव्यात. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती, नोंदणीच्या नूतनीकरणाला ती दाखवावी लागणारच होती. हे कारण मी घरात सगळ्यांना सांगितलं. खरं कारण दाजींची ती किंचित मागं येऊन बसणारी गाडी होती, पण ते कोणाला पटवून देणार?

स्पेअर पार्टच्या दुकानात चॅसिस नंबर विचारला गेला. शू पुण्याहून येणार होते. "हार्डवेअरचं किट पण मागवा," म्हटल्यावर काउंटरमागच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "जुन्या स्प्रिंगा टाका की ओ. सगळे तेच करतेत." शूंच्या किमतीपुढं किट किरकोळच होतं, तरी पटत नव्हतं त्यांना. पण खेचून धरणाऱ्या त्या स्प्रिंगांवरच सगळं बेतलेलं असतं. ढिली पडली तर शू पूर्ण आत येत नाही, ड्रमला टेकत राहतो, तापतो. तुटली तर तुकडा आत अडकून चालतं चाक धरू शकतो. लोकं शू बदलतात आणि गंजलेल्या स्प्रिंगा पुसून परत का लावतात, हे मला अजून कळलेलं नाही. नवी चादर आणून खाली ढेकणांची गादी तीच ठेवायची, यातला प्रकार. किट आलं ते एका पारदर्शक पुडीत. चार-पाच तऱ्हेच्या स्प्रिंगा, टोकाला चपट्या खिळ्यासारख्या पिना, छोट्या वाट्या. मुलगी म्हणाली, "आई, हे सगळं एका चाकात?"

काम घरासमोर करायचं ठरलं ते अण्णांमुळं. अण्णा शेजारी राहतात. जन्म पूर्व भागातला, घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी, आणि उभी हयात पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेलेली. लूमची सेटिंग त्यांच्या हातात. शेठनं लूम भंगारात किलोवर घातले, त्या दिवसापासून अण्णा जुळे सोलापुरात मुलाकडं. सकाळी अंगणात उभे राहून ते गल्लीतल्या प्रत्येक आवाजाचं निदान करतात. कुणाच्या मिक्सरचं बेअरिंग गेलंय, कुणाचा पंखा तिरका फिरतोय, कुणाच्या मोटारीत पाणी न येता हवा येतेय. पाणी रोज न येणाऱ्या गावात हे शेवटचं निदान सगळ्यांच्या उपयोगाचं. मी गाडीच्या चाकाचे नट ढिले करत असताना ते कुंपणाशी आले. "काय करालाव ताई? ... थांबा. हात नका लावू. आलो मी." आणि येताना लुंगी बदलून जुनी पँट घालून आले.

पुढच्या दोन्ही चाकांना आम्हीही दगडच लावले, हे सांगायला हवं. मागचा भाग जॅकवर उचलला, खाली स्टँड दिले. पॅड धरणारा कॅलिपर सोडून तारेनं वर बांधला, नाहीतर त्याचं वजन रबरी नळीवर येतं. डिस्क निघेना. हातोडीनं कडेकडेनं ठोकूनही ढिम्म. डिस्कच्या तोंडावर आट्याची दोन रिकामी भोकं दिसतात, ती याचसाठी ठेवलेली असतात. त्यांत बोल्ट घालून एकदा हा, एकदा तो, असे थोडे थोडे पिळत गेलं की डिस्क स्वतःलाच मागून ढकलते. अण्णांनी पाना माझ्या हातातून घेतला नाही. कानानं ऐकत उभे राहिले. "आता डावा. ... बास. उजवा." आणि एका क्षणी टक्क आवाज होऊन डिस्क सैल पडली, तेव्हा आधी तेच म्हणाले, "आली."

आतली धूळ ओल्या फडक्यानं पुसून घेतली. लायनरची ही पूड नाकात जाणं बरं नाही, जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून हवा मारायची नाही, एवढं मला माहीत होतं. गॅरेजमध्ये हे कोण ऐकतंय! मग अण्णा खाली बसले आणि बराच वेळ काही न करता नुसते बघत राहिले. डावं चाक मुद्दाम उघडलं नव्हतं, विसरलं तर बघायला म्हणून. मुलीनं मोबाइलवर फोटो काढले. अण्णांनी मात्र फोटोकडं पाहिलं नाही. ते बोटानं हवेत स्प्रिंगांची वाट काढत होते. ही या भोकातून निघते, त्या खुंटीला अडकते, ही तिच्या वरून जाते, म्हणजे ही नंतर लागली. खाली दोन शूंच्या मध्ये दातेरी चाकाचा अडजस्टर. तो फिरवला की लांब होतो आणि शू ड्रमच्या जवळ जातात. उजव्या-डाव्या बाजूचे अडजस्टर एकमेकांत बदलायचे नसतात, आटे उलटे असतात. "लूमला पण असंच ताई. डाव्या हाताचा लूम, उजव्या हाताचा लूम. पार्ट सारखा दिसतो, बसत नाही."

वरच्या दोन स्प्रिंगांनी घाम काढला. एक टोक शूच्या भोकात, दुसरं खुंटीवर चढवायचं, आणि मध्ये दोन बोटांनाही जागा नाही. पक्कड घसरत होती, माझी बोटं सोलवटली होती. अण्णा उठून घरात गेले. परत आले तेव्हा हातात सायकलचा एक आरा होता. टोकाला आकडा वाकवलेला, टोक कानसलेलं आणि दुसऱ्या बाजूला मूठ म्हणून लाकडी बॉबिन ठोकून बसवलेलं. धाग्यानं घासून घासून बॉबिनचं लाकूड पिवळं, गुळगुळीत झालेलं. लूमच्या स्प्रिंगा ओढायला त्यांनी कधीकाळी केलेलं हत्यार, कारखाना गेला तरी सोबत आणलेलं. त्यांनी आकडा स्प्रिंगच्या डोळ्यात घातला, अंगठा शूवर टेकवला, श्वास रोखला आणि मनगट एकदाच वळवलं. स्प्रिंग खुंटीवर. दुसरी त्यांनी मला लावू दिली. मग पिना. पाठीमागून एका हाताच्या बोटानं पिनेचं डोकं दाबून धरायचं, पुढून वाटी दाबायची आणि पाव वळसा द्यायचा. दोन्ही हात एकमेकांना दिसत नाहीत, नुसत्या अंदाजानं एकमेकांना भेटतात. शू जिथं मागच्या पत्र्यावर घासतात तिथं ग्रीसचं बोट. लायनरला ग्रीसचा डागही नाही.

काम करता करता ते लूमच्या ब्रेकबद्दल बोलत होते. शटल, म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा, मध्येच अडकलं तर लूम त्याच फेऱ्यात थांबायला पाहिजे. एक फेरा जास्त गेला तर फणी शटलवर आदळते आणि ताण्याचे शेकडो धागे एकदम तुटतात. ते जोडत बसायचं तर अख्खी पाळी जाते. "लोकं म्हणतेत लूम चालवायचा. चालवतंय कोण पण. थांबवायचं आमचं काम." एवढं बोलून ते अडजस्टर फिरवायला लागले. डिस्क चढवून तिच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालायचा, दातेरी चाक एकेक दात पुढं सरकवायचं, डिस्क हातानं फिरेनाशी झाली की आठ दात मागं घ्यायचं. मोजायचं काम मुलीकडं होतं. अण्णांनी मात्र डिस्कवर तळहात ठेवून फिरवून पाहिली, आणि एक दात आणखी मागं घेतला. पुस्तकाप्रमाणं आठ, अण्णांप्रमाणं नऊ. मी नऊ राहू दिले.

डावी बाजू झाली तोवर ऊन चढलं होतं. आतून शेंगाचटणी, दही आणि भाकरी आली, ती अण्णांनी तिथंच पायरीवर बसून खाल्ली. हात मात्र रॉकेलनं, मग साबणानं, मग परत साबणानं धुऊन.

नवे शू लगेच नीट धरत नाहीत, त्यांना ड्रमची ओळख करून द्यावी लागते. पहाटे मोकळ्या विजापूर रोडवर, पन्नासच्या वेगानं, हँडब्रेक अगदी हलका ओढून, बटण दाबलेलं ठेवून, साधारण ४०० मीटर. मग सोडायचा, गार होऊ द्यायचं, परत एकदा. थोडा जळका वास येतो. अण्णा मागं बसले होते, खिडकी उघडी ठेवून, कान बाहेर. उतरताना म्हणाले, "आता धरंल. पण धरतंय का नाही बघणार कुठं?"

तेच तर. घरासमोर ओढून पाहिला, पाच-सहा खटक्यांत घट्ट बसला. पण सपाटीवर घट्ट बसलेल्या हँडब्रेकला काय किंमत द्यायची? सपाटीवर तर तुटलेलाही चालतो, गॅरेजवाल्यानं तेच सांगितलं होतं. खर्चाचा हिशेब मांडला तर त्याचंच बरोबर निघतं, आजही. मी शेजारच्या रॅम्पवर गाडी चढवून पाहिली, पण अर्ध्या गाडीला काय चढ कळणार. शेवटी सोलापूरकर चढ हवा असला की जिथं जातो तिथंच गेलो. तुळजापूर. पंचेचाळीस किलोमीटर, आणि गावाच्या अलीकडं बालाघाटचा घाट. कोजागरीला हाच रस्ता गाड्यांना बंद होतो आणि अख्खं सोलापूर रात्रभर चालत वर जातं. तेव्हा मी हा घाट पायांनी ओळखत होते. पोटऱ्यांना कळलेला चढ गाडीत बसून विसरायला होतो.

मंगळवार होता, घाटात पुढं ट्रक बंद पडलेला, रांग लागलेली. मी हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय सावकाश उचलला. गाडी किंचित मागं आली आणि बसली. मागच्या सीटवर अण्णा काही बोलले नाहीत, फक्त पुढच्या सीटची पाठ घट्ट धरलेला हात सोडला. रांग हलली तेव्हा क्लच थोडा सोडला, गाडीनं नाक वर केलं. होम मैदानावर तोंडी शिकलेलं ते सगळं इतक्या वर्षांनी जसंच्या तसं घडत होतं, आणि मला हसू येत होतं. मागचा जीपवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. दे म्हटलं.

वर पार्किंगची जागाही उतरतीच. जागा बघून गाडी लावली, हँडब्रेक ओढला, गिअरही टाकला, कारण सवय जात नाही. दार उघडतेय तोवर पावतीपुस्तकवाला पोरगा पळत आला, एका हातात पावती, दुसऱ्या हातात काळा दगड. खाली वाकून चाकामागं सारायला लागला.

"अरे, राहू दे. हँडब्रेक नवाकोरा आहे. धरलाय चांगला."

"असू द्या की ओ मावशी," म्हणत त्यानं दगड टाचेनं आत ठोकला आणि पुढच्या गाडीकडं पळाला. मी अण्णांकडं पाहिलं. ते वाकून दगड नीट बसलाय का ते बघत होते.